पहिल्या सुजेची तारीख

केसपेपरची खिडकी आठला उघडते, पण रांग उजाडायच्या आधीपासून लागलेली असते. पुण्यातल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात संधिवाताची ओपीडी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशीच असते. त्या दिवशी खिडकीपुढे बार्शी, करमाळा, दौंड, जुन्नरकडची माणसं उभी असतात. कुणी रात्रीच्या एसटीनं आलेलं, कुणी हडपसरला मेव्हण्याकडे मुक्काम करून आलेलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्यामुळे आता निदान येणं तरी जमतं, असं तिथल्या बायका आपण होऊन सांगतात. ही रांग हातांवरून ओळखू येते. इथे पिशवी कुणी बोटांत धरत नाही, कोपरात अडकवतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण मुलाकडून किंवा शेजारच्याकडून उघडून घेतलं जातं. कागदावर सही करताना पेन मुठीत धरलेलं असतं.

बार्शी तालुक्यातल्या एका ताईंशी बोललो. वय अडतीस. पूर्वी रोजानं शेतात जायच्या, आता जाता येत नाही. "किती वेळ थांबावं लागलं?" असं विचारलं तर म्हणाल्या, "आज होय? तीन तास झाले असतील. त्याचं काही नाही." मग पदराखालचे हात त्यांनी पुढे केले. "गेल्या साली नागपंचमीला पोरीनं मेंदी काढायला हात धरला आणि मी ओरडले. तवापासून हे चालू हाय."

आमचं हे बोलणं झालं तेव्हा यंदाची नागपंचमीही होऊन गेली होती. त्यांच्या हिशेबानं त्या वर्षभराहून जास्त थांबल्या होत्या. रुग्णालयाच्या हिशेबानं त्या तीन तास थांबल्या होत्या, कारण तिथली नोंद केसपेपर निघाल्यावर सुरू होते. तज्ज्ञांची वेळ मिळायला किती दिवस लागतात, बाकावर किती तास जातात, याबद्दल आपण पुष्कळ बोलतो आणि ते बोलायलाच हवं. पण ओपीडीत, तालुक्याच्या दवाखान्यांत, मेडिकलच्या काउंटरवर माणसांशी बोलत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं, की तज्ज्ञांच्या दारापुढची रांग ही या सगळ्या थांबण्यातली सर्वांत छोटी रांग आहे. मोठा काळ त्याआधीच निघून गेलेला असतो. तो कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून तो कमी करण्याची जबाबदारीही कुणाची नसते.

हा काळ एवढा महत्त्वाचा का, हे समजायला आजार थोडा समजून घ्यावा लागेल. संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजीचे गुडघे येतात. गुडघ्यांची वयोमानानं होणारी झीज हा निराळा आजार. या ताईंना होता तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा, मग हाड कुरतडायला लागतं. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पटींनी जास्त होतो, आणि पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीत, घर आणि रोजगार दोन्ही अंगावर असताना. हातापायांचे छोटे सांधे तो आधी धरतो. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, अर्धा तास, तासभर, कधी दुपारपर्यंत. भाकरी थापता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत, मंगळसूत्राची कडी लागत नाही. सूज पुढे ओसरलीही, तरी कुरतडलेलं हाड पुन्हा भरून येत नाही.

म्हणून सुरुवातीचे तीन महिने मोलाचे. त्या काळात योग्य औषध सुरू झालं तर आजार आटोक्यात येण्याची, कधी कधी औषध थांबवूनही शांत राहण्याची शक्यता पुढच्यापेक्षा बरीच अधिक असते. नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९३ पासून नव्या सांधेदुखीच्या रुग्णांसाठी खास दवाखाना चालतो. तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऱ्हुमॅटॉइडच्या सहाशेच्या आसपास रुग्णांत कोण लक्षणं सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत तज्ज्ञांपर्यंत पोचलं आणि कोण नंतर, हे त्यांनी पाहिलं. उशिरा आलेल्यांच्या सांध्यांची हानी सहा वर्षांत १.३ पट वेगानं झाली होती, आणि औषधाशिवाय बरं राहण्याचं भाग्य त्यांच्यातल्या कमी जणांना लाभलं होतं. मला त्याहून थबकवणारा वाटला तो त्याच अभ्यासातला दुसरा आकडा : बारा आठवड्यांनंतर पोचलेले रुग्ण ६९ टक्के होते. हे लायडनमध्ये, जिथे प्रत्येकाला फॅमिली डॉक्टर आहे, विमा आहे आणि रुग्णालय सायकलच्या अंतरावर आहे.

पुढच्याच वर्षी युरोपातल्या दहा केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिलं लक्षण ते तज्ज्ञांची भेट या काळाचा मध्यक चोवीस आठवडे निघाला. सर्वांत वेगवान केंद्रात सोळा, सर्वांत संथ केंद्रात अडतीस. वेळ जाण्याची जागा सगळीकडे एक नव्हती. कुठे रुग्णच घरातून उशिरा निघत होते, कुठे फॅमिली डॉक्टरकडे महिने जात होते, कुठे चिठ्ठी मिळाल्यावर रुग्णालयाची तारीख लांबत होती. आपल्या गावी वेळ नेमका कुठे जातो हे ज्याला माहीत नाही, त्याचं फक्त शेवटच्या दारावर माणसं वाढवून भागत नाही, हे त्या तुलनेतून मी घेतलं.

ब्रिटननं मोजायचं ठरवलं. तिथल्या 'नाइस' या संस्थेनं २०१३ मध्ये दंडक घातला, की अशी सांधेसूज दिसली तर फॅमिली डॉक्टरनं कामाच्या तीन दिवसांत चिठ्ठी द्यावी आणि त्यानंतर तीन आठवड्यांत तज्ज्ञांनी तपासावं. २०१८ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या रुग्णालयांची यावर राष्ट्रीय पाहणी होते. पहिल्या अहवालात तीन आठवड्यांत तपासले गेलेले रुग्ण निम्म्याहून कमी निघाले. तिथे तातडीच्या नसलेल्या सर्वच उपचारांसाठी, चिठ्ठीपासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, असं राष्ट्रीय आरोग्य सेवेचं वचन आहे, आणि तेही २०१६ पासून पुरं होत नाही. युरोपच्या तज्ज्ञांची संघटना तर लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञांनी पाहावं असं सांगते. श्रीमंत देशांनाही हे जमत नाही, म्हणून आपण निश्चिंत व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना आपलं अपयश आकड्यात माहीत आहे. कोणत्या रुग्णालयात घसरण झाली ते नावानिशी छापलं जातं, आणि मग तिथे जाऊन विचारता येतं. आपल्याकडे विचारायला आकडाच नाही.

तरी एक आकडा आपल्याकडे आहे, आणि तो जगानं वाखाणलेला आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे लोकांना माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथे गेले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमासाठी. स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं आणि घरोघर पाठवलं. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारण्यात आलं, की सांधे, पाठ, स्नायू दुखतात का. शंभरातल्या अठरांनी हो म्हटलं. या माणसांना डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पुष्कळांचं दुखणं झिजेचं किंवा कष्टानं अंग भरून येण्याचं निघालं. ऱ्हुमॅटॉइड निघाला तो शंभरात जेमतेम अर्ध्या माणसाला.

अठरा आणि अर्धा. या दोन आकड्यांत संधिवाताच्या रांगेचं सगळं कोडं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. त्यातले प्रौढ सात कोटी धरले तरी दुखणं सांगणारे सव्वा कोटी होतात आणि ऱ्हुमॅटॉइडचे साडेतीन लाख. साडेतीन लाखांना तज्ज्ञ लागतो, तोही लवकर आणि पुन्हा पुन्हा. बाकीच्यांतल्या बहुतेकांना व्यायाम, वजन, कामाची पद्धत आणि साधं वेदनाशामक यावर गावातच बरं वाटू शकतं. सुपात पाखडून खडे वेगळे काढावेत तशी ही माणसं वाटेतच वेगळी करता आली पाहिजेत. ती होत नाहीत, म्हणून रांगेत गुडघेदुखीचे आजोबा आणि संरक्षणव्यवस्था उलटण्याच्याच ल्युपस या आजारात मूत्रपिंडाला सूज आलेली मुलगी एकाच बाकावर, एकामागोमाग नंबरावर बसतात. आजोबा सहा महिन्यांनी आले असते तरी फारसं बिघडलं नसतं. त्या मुलीला सहा आठवडेही परवडणारे नाहीत.

तज्ज्ञ कमी आहेत, हे तर खरंच. एमबीबीएस, मग मेडिसिनची एमडी, मग संधिवातशास्त्राची तीन वर्षांची डीएम, अशी अकरा-बारा वर्षं गेल्यावर एक ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट तयार होतो. डीएमच्या जागा देशभरात मोजक्या. शिकून झालेले बहुतेक जण मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत राहतात. जिल्ह्याच्या गावी ते महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी येतात. एखाद्या मोठ्या मेडिकलच्या वर किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसभर बसतात. असे दौरे करणारे डॉक्टर पहाटे निघून रात्री उशिरा परततात. त्यांनी आपला रविवार दिला नसता तर मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांना तज्ज्ञ कधी दिसलाच नसता, याची जाणीव मला आहे. पण महिन्यातून एका दिवसाच्या त्या वहीत नाव लागलं नाही, तर पुढचा रविवार महिन्यानं येतो. बारा आठवड्यांतले चार आठवडे तिथेच गेले.

आता त्या आधीच्या वाटेवर येऊ. बार्शीच्या ताईंची वाट मी त्यांच्याकडून, त्यांच्या नवऱ्याकडून आणि प्लास्टिकच्या पिशवीतल्या कागदांवरून जुळवली. ती शेकडो जणांची वाट असावी, असं तज्ज्ञांनीही सांगितलं.

हात सुजले त्या पावसाळ्यात त्यांच्या भागात चिकुनगुन्याचे रुग्ण होते. २०२४ मध्ये पुण्यातही त्याची मोठी साथ होती. घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गावच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं : तापानंतरचं दुखणं आहे, दोन-तीन महिने राहतं, जाईल. बार्शीत ही समजूत खोलवर मुरलेली असणार, कारण १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ त्याच गावात येऊन गेली होती. त्यानंतर तीन दशकं हा आजार देशात जवळजवळ विसरला गेला आणि २००६ मध्ये परत आला तेव्हा महाराष्ट्रभर माणसं काठी टेकत चालू लागली. समजूत अगदी चुकीचीही नाही. चिकुनगुन्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने राहते, हाताच्या त्याच छोट्या सांध्यांना धरते, ऱ्हुमॅटॉइडसारखी हुबेहूब दिसते आणि बहुतेकांची बरीही होते. ताईंना मात्र आठवतं, की त्यांना ताप आलाच नव्हता. हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. "सगळ्यांना झालं होतं, मला वाटलं मलाबी झालं."

दिवाळीपर्यंत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर निभावलं. काउंटरवरच्या मुलानं दुखण्याची आणि पित्ताची अशा दोन गोळ्या दिल्या. दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबवेना तेव्हा नवऱ्यानं मोटारसायकलवर तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि चमत्कार झाला. रात्रीतून सूज उतरली. ताई दुसऱ्या दिवशी खुरपायला गेल्या. तीन आठवड्यांनी दुखणं परतलं, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा आराम. मग गोळ्या. असे पाच-सहा महिने गेले.

ही जागा मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण इथे रुग्ण थांबलेला आहे हे त्याचं त्यालाच कळत नाही. त्याला तर बरं वाटत असतं. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असतं. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन ऱ्हुमॅटॉइडनं अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला दिलं, आणि काही दिवसांत ती चालत बाहेर पडली. जग थक्क झालं. दोन वर्षांत हेंच आणि त्यांच्याबरोबर केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती : गोल सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ झालेली हाडं, आणि औषध थांबवताच दुप्पट जोरानं उसळलेला आजार. आजचे तज्ज्ञ स्टेरॉइड टाकून देत नाहीत. मुख्य औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यापुरतं कमी मात्रेत देऊन ते थांबवतात. गावोगाव चाललं आहे ते याच्या उलट. मुख्य औषध सुरूच होत नाही आणि स्टेरॉइड थांबत नाही. सूज दबलेली असल्यानं पुढे तज्ज्ञांपर्यंत पोचल्यावरही आजाराची खूण धूसर झालेली असते. अचानक बंद करावं तर शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे जिवावर बेतू शकतं.

बिनलेबलच्या पुड्यांचा धंदाही यातच येतो. 'शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याची शंका तज्ज्ञांना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहूनच येते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तालुक्याच्या गावी भेटलेले एक बुजुर्ग वैद्य अशा पुड्यांवर माझ्यापेक्षा जास्त चिडलेले होते. बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजलेले दिसले की ते स्वतः रुग्णाला पुण्याला पाठवतात. दोष एखाद्या शास्त्राचा नाही. तो औषध कशाचं आहे हे लपवून विकणाऱ्याचा आहे.

पुढचा थांबा हाडाच्या डॉक्टरांचा. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. पहिल्या काही महिन्यांत तो बहुतेकदा नॉर्मलच येतो. हाड कुरतडलेलं दिसायला लागणं म्हणजे उशीर झालेला असणं. पण "एक्स-रे चांगला आहे" हे वाक्य ऐकून घरी परतलेला माणूस पुन्हा लवकर बाहेर पडत नाही. त्यानंतर लॅब. आरए फॅक्टर ही तपासणी आपल्याकडे इतकी घरोघरी पोचली आहे, की लोक साखर-कोलेस्टेरॉलसारखी ती पॅकेजात करून घेतात. नॉर्वेचे वालर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेत रोझ यांनी १९४८ मध्ये तिचा पाया घातला. ती उपयोगी आहे, पण एकटी निकाल देऊ शकत नाही. धडधाकट माणसांतही काहींची ती पॉझिटिव्ह येते, वयस्कांत अधिक. उलट, खऱ्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांतही चारातल्या एकाची तरी निगेटिव्ह असते. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. नुसत्या कागदावरच्या आकड्यानं घाबरलेला, एकही सांधा न सुजलेला माणूस तज्ज्ञांची वेळ घेऊन बसतो, आणि सुजलेल्या हातांची बाई "तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे" हे ऐकून घरी जाते. ताईंचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह होता. पुण्यात अँटी-सीसीपी ही दुसरी, नेमकी तपासणी झाली तेव्हा तीत आजार उघड झाला. त्या वेळेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं कलली होती.

रांगेत तरुण मुलगेही असतात, आणि त्यांची गोष्ट याहून लांबलेली असते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस विशी-पंचविशीत सुरू होतो. कंबर पहाटे दुखून जाग येते, हिंडल्यावर मोकळी होते, विश्रांतीनं वाढते. स्लिप डिस्कमध्ये नेमकं याच्या उलट होतं. तरीही बहुतेकांना आधी गादीच्या आजाराचं नाव मिळतं, पट्टा मिळतो, बेडरेस्ट मिळते. या आजाराशी एचएलए-बी२७ या जनुकाचं नातं १९७३ मध्येच कळलं. निदानाला लागणारा सरासरी वेळ मात्र जगभर अजून सहा-सात वर्षांच्या आसपास आहे. पोलीसभरतीची तयारी सोडून द्यावी लागलेला एक मुलगा मला भेटला. पाच वर्षं तो कंबर जपत पडून राहिला होता, आणि त्याला सर्वांत जास्त गरज होती ती हालचालीची.

ही वाट छोटी करायला प्रत्येक तालुक्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडमधल्या लीड्सचे पॉल एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी तीन खुणा सांगितल्या : तीन किंवा अधिक सांधे सुजलेले असणं, हाताच्या पंजाची किंवा पावलाची बोटांच्या मुळाशी असलेली आडवी ओळ हलकेच दाबल्यावर कळ येणं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकणं. यांतली एक जरी दिसली तरी रिपोर्टची वाट न पाहता पाठवा. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक मिनिट लागतं. हस्तांदोलन करताना बाई हात मागे घेते, एवढ्यावरही चाणाक्ष डॉक्टर ओळखतो. आशाताईंना क्षयरोगाची, कुष्ठरोगाची लक्षणं ओळखायला आपण शिकवलं आणि त्या ती उत्तम ओळखतात. पंजा दाबून पाहण्याची ही चाचणी त्यांना एका दुपारी शिकवता येईल. भिगवणला घरोघर फिरलेले स्वयंसेवक काय डॉक्टर होते?

दुसरं काम चिठ्ठीचं. ताईंच्या पिशवीत तालुक्याच्या डॉक्टरांची जी चिठ्ठी होती तिच्यावर एवढंच लिहिलं होतं : "सांधेदुखी. पुढील उपचारासाठी." सव्वा कोटी माणसांच्या हातात हीच चिठ्ठी देता येईल. तिच्यावर किती सांधे सुजलेत, सकाळी किती वेळ मूठ वळत नाही, स्टेरॉइड दिलं का आणि किती, आणि पहिली सूज कधी आली, या चार गोष्टी असत्या तर खिडकीवरच्या माणसालाही कळलं असतं, की हिला आज आत पाठवायचं. लायडनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. फॅमिली डॉक्टरला नक्की सूज आहे की नाही याची शंका असेल, तर अशा रुग्णांसाठी त्यांनी आठवड्यातून दोनदा अपॉइंटमेंटशिवाय दार उघडं ठेवलं. अनुभवी डॉक्टर हातानं तपासतो, काही मिनिटांत सांगतो : सूज आहे, पुढची तारीख घे, सूज नाही, घरी जा. पाखडण्याचं काम दारातच होतं. आपल्या जिल्हा रुग्णालयांत मेडिसिनचे डॉक्टर आहेत, आणि सरकारी ई-संजीवनीवर २०१९ पासून दूरच्या तज्ज्ञाशी बोलण्याची सोय आहे. सुजलेला हात पडद्यावर पूर्ण तपासता येत नाही हे मान्य, पण या रुग्णाला आठवड्यात बोलवायचं की सहा महिन्यांनी, एवढं ठरवता येतं.

आणि तारीख लिहून ठेवायची, ती केसपेपरवर. आज त्यावर नाव, वय, पत्ता असतो. पहिल्या सुजेची तारीखही असू द्या. नागपंचमी, पोळा, लेकीचं लग्न, बाई जे सांगेल त्यावरून महिना निघतो. वर्षाअखेरीला जिल्ह्यानं बेरीज करावी, की आमच्याकडचे रुग्ण सूज आल्यापासून किती आठवड्यांनी पोचले आणि मधले आठवडे कुठे गेले.

पहिली भेट झाली म्हणजे थांबणं संपलं, असंही नाही. या आजाराचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ज्या संशोधनाचे प्रमुख होते, त्यातून १९४० च्या दशकात ते आलं. रक्ताच्या कर्करोगासाठी शोधलेलं हे औषध १९८०च्या दशकात ऱ्हुमॅटॉइडसाठी सिद्ध झालं. गोळी काही रुपयांची. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून कोणत्या वारी घ्यायची ते चिठ्ठीवर ठळक लिहावं लागतं. यकृत आणि रक्तपेशी तपासत राहावं लागतं, मात्रा हळूहळू वाढवावी लागते. २००४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ११० रुग्णांचे दोन गट केले. औषधं तीच जुनी आणि स्वस्त. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलावलं, दुसऱ्याला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले आणि आजार शांत होईपर्यंत औषध वाढवत नेलं. दीड वर्षानं महिन्याच्या गटात ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत होता, नेहमीच्या गटात १६ टक्के. नवं महागडं औषध कुणालाही दिलेलं नव्हतं.

म्हणजे निदानानंतरच्या पहिल्या वर्षात दर महिन्याला भेट मिळणं हाच उपचार आहे, आणि आपल्याकडे तीच सर्वांत दुर्मीळ आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात भरती होणाऱ्यांना मिळतो. हा आजार ओपीडीतला, त्यामुळे एसटी, रक्ततपासण्या आणि बुडालेला रोज हे सगळं घरच्या खिशातून जातं. मार्च २०२० मध्ये याच रुग्णांना लागणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालेल या आशेनं दुकानांतून गायब झालं, तेव्हा ल्युपसच्या आणि संधिवाताच्या बायका गोळ्यांच्या एका पाकिटासाठी गावोगाव फोन करत होत्या. या रुग्णांची गोळी एक महिना चुकली तर काय होतं, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारलं.

ओपीडीतली गर्दी पाहताना एक गोष्ट लक्षात येते, जिच्यावर उपाय तिथल्या तिथे करता येईल. आलेल्यांत बरेच जण वर्षानुवर्षं स्थिर असलेले असतात. आजार शांत आहे, मात्रा बदलायची नाही, फक्त महिन्याच्या गोळ्या संपल्या म्हणून रात्रभर प्रवास करून ते आलेले असतात, कारण अनेक ठिकाणी औषधं महिन्याचीच मिळतात. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना ठरावीक तारीख देणं आता कमी करत आहेत. त्रास वाढला तर फोन करा, नर्स ऐकेल आणि लवकर बोलावेल, अशी व्यवस्था रुजते आहे. आपल्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या आणि रक्ताचा रिपोर्ट एका शिकलेल्या परिचारिकेनं फोनवर पाहिला, तर ओपीडीतली जागा मोकळी होईल. ती पहिल्या वर्षातल्या रुग्णांना द्यावी. बार्शीच्या ताईंना त्या दिवशी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. पुढची तारीख मिळाली ती अडीच महिन्यांनंतरची.